अफवेचे भांडवल कोणाचे?

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने २०२१ सालच्या मृत्युनोंदणीचे आकडे प्रसिद्ध केले. त्या एका वर्षात देशात १ कोटी २ लाखांहून अधिक मृत्यू नोंदले गेले. आदल्या वर्षीची नोंद सुमारे ८१ लाखांची होती आणि महासाथीपूर्वीच्या २०१९ मध्ये ती ७६ लाखांच्या आसपास होती. म्हणजे २०२० ते २०२१ या एका वर्षाच्या अंतरात सुमारे एकवीस लाखांची वाढ झाली. आणि कोविडने दगावलेले म्हणून सरकारने २०२१ मध्ये मोजलेले बळी मात्र साडेतीन लाखांहूनही कमी होते. वाढीतील काही भाग नोंदणीची व्यवस्था सुधारल्यामुळे असेल, हे मान्य करूनही उरणारी तफावत प्रचंड आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये, दोन वर्षांतील भारतातील जादा मृत्यूंचा अंदाज ४७ लाख असा दिला तेव्हा सरकारने ती मोजणीची पद्धतच अमान्य केली होती. पुढे स्वतःच्याच दप्तरातील आकडे लोकांपुढे ठेवायला त्याने मे २०२५ उजाडू दिला.

या तफावतीवर देशात जेवढा वाद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. महासाथीच्या काळातील लोकांचा अडाणीपणा हा मात्र सुशिक्षितांच्या बैठकीतला आजही आवडता विषय आहे. कोणी गोमूत्रप्राशनाचे जाहीर समारंभ केले, कोणी ‘करोना माई’ची पूजा मांडली, कोणी लशीतून शरीरात चकती बसवतात असे मानून आरोग्यसेविकेला दारातूनच परत पाठवले, या गोष्टी चवीने सांगितल्या जातात. सांगणाऱ्यांत उजवे असतात तसे स्वतःला पुरोगामी म्हणवणारेही असतात. त्यांचा निष्कर्ष ठरलेला असतो: लोक धर्माने गुंगलेले आहेत, त्यांना शास्त्र कळत नाही, म्हणून माणसे मेली. हे निदान फार सोयीचे आहे. त्यात बोलणारा आपोआप शहाणा ठरतो आणि राज्यकर्ता आपोआप सुटतो. समाजवादी विचाराच्या कार्यकर्त्याने हे निदान स्वीकारावे काय, हा खरा प्रश्न आहे; आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी महाराष्ट्राला फार दूर जावे लागत नाही.

प्लेग, पलटण आणि पुतळा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरात रुग्णांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचा अधिकार महापालिकेने आपल्या हाती घेतला आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. त्या दिवसांत शहरात काय बोलले जात होते, हे इतिहासकारांनी नोंदून ठेवले आहे. इस्पितळात माणसे मारून त्यांच्या देहांतून ‘मोमियाई’ नावाचे औषधी तेल काढतात, असे लोक म्हणत. राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते, त्याचा सूड म्हणून तिला हिंदी माणसांचे बळी हवे आहेत, असेही म्हणत.

हे सारे खोटे होते. परंतु ज्या अनुभवातून ते उगवले तो अनुभव खोटा होता काय? प्लेगच्या इस्पितळात नेलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे परत येत नव्हती. आप्तांना आत जाऊ देत नव्हते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि त्याने अधिकाऱ्यांना जवळजवळ अमर्याद सत्ता दिली. पुण्यात रँडच्या समितीने गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घराघरांत घातल्या. देवघरापासून माजघरापर्यंत काहीच त्यांना वर्ज्य नव्हते. प्लेगच्या व्यवस्थेत स्त्रियांची जी विटंबना होत होती तिच्याविरुद्ध पंडिता रमाबाईंनीही आवाज उठवला, आणि रमाबाई काही सनातन्यांच्या गोटातल्या नव्हत्या. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. त्या गोळीमागच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात. पण तिच्यामागे कोंडलेला लोकक्षोभ होता, याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही.

आता सरकारच्या बाजूचे शास्त्र तपासावे. प्लेग घाणीतून, दमट जमिनीतून आणि माणसाच्या संसर्गाने पसरतो, या समजुतीवर घरे उकरली जात होती, सामान जाळले जात होते. पॉल सिमोंने उंदरावरच्या पिसवेचा पुरावा मांडला तो १८९८ मध्ये, कराचीत. आणि तो सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे पलटणी घरात शिरत होत्या तेव्हा सत्ताधाऱ्यांचे शास्त्रही अंधारातच चाचपडत होते. फरक एवढाच की, लोकांच्या चुकीला अफवा म्हटले गेले आणि सरकारच्या चुकीला कायदा.

लशीची कथाही अशीच आहे. मुंबईत राहून हाफकिनने प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिनवर आला आणि त्यातून पूर्ण निर्दोष सुटायला त्याला १९०७ पर्यंत थांबावे लागले. लस चांगली होती, तिने पुढे असंख्य प्राण वाचवले. परंतु ज्या गावकऱ्याने शेजारच्या घरातली तिरडी पाहिली, त्याने लशीला भ्यावे यात मेंदूचा कोणता दोष आहे? त्याला समजावून सांगायला त्याच्या विश्वासातले कोणी त्याच्याजवळ नव्हते, हा दोष राज्यव्यवस्थेचा होता.

भयाला कारण हवे असते

अफवेच्या मानसशास्त्राचा एक मूलभूत धडा जगाला भारतातूनच मिळाला, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद या अभ्यासकाने त्या काळात पसरलेल्या अफवा गोळा केल्या. जेथे धक्का जाणवला पण नुकसान झाले नाही, अशा भागांत फार भयंकर वार्ता फिरत होत्या: याहून मोठा भूकंप अमुक दिवशी होणार, प्रचंड वादळ येणार, पुराचे लोंढे येणार. पुढे दुर्गानंद सिन्हा यांनी दार्जिलिंगच्या दरड-आपत्तीनंतर, प्रत्यक्ष हानी सोसलेल्या लोकांत तसाच अभ्यास केला. तेथे भविष्यातील संकटाच्या अशा अतिरंजित वार्ता आढळल्या नाहीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर याने १९५७ मध्ये मांडलेल्या आपल्या प्रसिद्ध सिद्धांताची सुरुवातच या बिहारच्या कोड्यापासून झाली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ज्याचे घर पडले आहे त्याला आपण का घाबरलो हे माहीत असते, ज्याचे काहीच पडले नाही आणि तरी उरात धडकी भरली आहे, त्याच्या मनात विसंवाद निर्माण होतो, आणि हा विसंवाद मिटवण्यासाठी तो भयाला साजेसे कारण शोधतो. अफवा भय निर्माण करते हे अर्धेच सत्य आहे. आधीच असलेल्या भयाचे समर्थन करण्यासाठी अफवा जन्माला येते, हे उरलेले अर्धे.

हे कारण माणसाला दोन ठिकाणी सापडू शकते. एक, शिक्षेत: कोणीतरी पाप केले, त्याचे हे फळ. दोन, कारस्थानात: कोणीतरी डाव रचला, त्याचा हा परिणाम. पहिली वाट धार्मिक श्रद्धेची दिसते आणि दुसरी आधुनिक राजकारणाची. पण दोन्हींचा व्यापार एकच आहे. निरर्थक मृत्यूला अर्थ देणे, आंधळ्या निसर्गाला हेतू चिकटवणे. अर्थ मिळाला की भय सुसह्य होते. भयाचे ओझे एकट्याने वाहणाऱ्या माणसाला हा अर्थ भाकरीइतका आवश्यक वाटतो, हे न समजणारा विवेकवाद कोरडा आहे.

या मोहातून महात्म्यांचीही सुटका नसते. बिहारचा भूकंप हे अस्पृश्यतेच्या पापाचे प्रायश्चित्त आहे, असे गांधीजींनी १९३४ मध्ये जाहीरपणे म्हटले. अस्पृश्यता हे पाप होतेच. तरीही रवींद्रनाथ ठाकुरांनी जाहीर निषेध केला, कारण निसर्गाच्या घटनांना नैतिक न्यायनिवाड्याशी जोडण्याची ही रीत एकदा मान्य केली की उद्या तिचा वापर कोणीही, कोणाच्याही विरुद्ध करू शकेल, हे त्यांना दिसत होते. गांधीजींनी तो निषेध आपल्या ‘हरिजन’मध्ये छापला आणि त्याला उत्तर दिले. दोघांत द्वेषाचा लवलेश नव्हता. परंतु रवींद्रनाथांची भीती किती सार्थ होती, हे शहाऐंशी वर्षांनी दिसून आले.

मागणी भयाची, पुरवठा संघटित

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधान दूरचित्रवाणीवर आले आणि चार तासांच्या अवधीने सारा देश बंद केला. तत्पूर्वी दोन दिवस लोकांनी थाळ्या वाजवल्या होत्या. ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे लावायचे होते. थाळ्या आणि दिवे यांची चेष्टा करण्यात अर्थ नाही. घाबरलेल्या माणसाला काहीतरी करायला मिळाले, इतरांबरोबर करायला मिळाले, याचे समाधान खरे होते. आक्षेप आहे तो वेगळा. ज्या राज्यसंस्थेकडे त्या घडीला धान्य, गाड्या आणि वेतनाची हमी मागायची होती, तिने लोकांच्या हातात विधी ठेवला. रेल्वे थांबलेली होती आणि माणसे रुळांवरून घरी चालत होती. जालन्याहून निघालेल्या सोळा मजुरांना ८ मेच्या पहाटे करमाडजवळ मालगाडीने चिरडले. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सरकारने सांगितले की, स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंची माहिती आपल्यापाशी नाही. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत सांगितले गेले की, प्राणवायूअभावी झालेल्या मृत्यूंची खास नोंद राज्यांकडून आलेली नाही.

ज्या देशात सत्य दप्तरी नोंदलेच जात नाही, तेथे अफवा हेच लोकांचे दप्तर बनते. हा केवळ मानसशास्त्राचा नियम नाही. पतपेढीचा साधा व्यवहारही हेच सांगतो. ज्याची पत बुडाली त्याची खरी हुंडीही कोणी वटवत नाही. सरकारने खरे सांगितले तरी ते खोटे वाटू लागते, आणि त्या पोकळीत ज्याच्यापाशी संघटना आहे, पैसा आहे, वाहिन्या आहेत, त्याचे नाणे चालू लागते.

ते कसे चालले याचा पुरावा न्यायालयाच्या दप्तरात आहे. मार्च २०२० मध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजमध्ये तबलिगी जमातचा मेळावा झाला. तेथून संसर्ग पसरला हे खरे, आणि साथीच्या तोंडावर मेळावा भरवणाऱ्यांचा बेजबाबदारपणाही खरा. परंतु सरकारी पत्रकार परिषदांत रोजचे रुग्ण ‘जमातचे’ आणि ‘इतर’ असे वेगळे मोजले जाऊ लागले, वाहिन्यांनी त्या विषाणूला धर्म दिला, आणि गावोगावच्या मुसलमान भाजीवाल्याला, फेरीवाल्याला वेशीवर अडवले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी एकोणतीस परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि महासाथीत राजकीय सत्ता बळीचा बकरा शोधते, तसाच या परदेशी नागरिकांना निवडले गेल्याचा संभव दिसतो, असा अभिप्राय नोंदवला. निकाल आला तोवर भाजीची गाडी मोडून गेली होती.

त्याच एप्रिलच्या १६ तारखेला पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारे चोर फिरत आहेत, अशी अफवा टाळेबंदीत कोंडलेल्या त्या आदिवासी पट्ट्यात पसरली होती. ही घटना अमानुष होती. परंतु एका अफवेने घेतलेल्या या तीन बळींवर लगेच दुसरी अफवा उभी करण्यात आली आणि मारेकऱ्यांचा धर्म शोधला जाऊ लागला. अटक झालेल्या १०१ जणांची यादीच राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीर करावी लागली. तीत एकही मुसलमान नव्हता. पहिली अफवा भुकेल्या, भेदरलेल्या वस्तीने पसरवली. दुसरी कोणी पसरवली? तिला भय हे कारण नव्हते. तिला हितसंबंध होते. दोहोंना एकाच ‘अंधश्रद्धा’ या खात्यात टाकणे म्हणजे चोर आणि चोरी झालेला यांना एकाच कोठडीत टाकणे होय.

वारी आणि कुंभ

श्रद्धा हेच अनर्थाचे मूळ असते तर सारख्याच श्रद्धेचा परिणाम सर्वत्र सारखाच दिसला असता. तो तसा दिसला काय?

आषाढीची वारी ही महाराष्ट्राच्या जीवनातील केवढी मोठी गोष्ट आहे, हे येथे सांगायला नको. २०२० मध्ये पायी वारी झाली नाही. आळंदी आणि देहूहून संतांच्या पादुका मोजक्या माणसांसह एसटीच्या गाडीतून पंढरपुरास गेल्या आणि लाखो वारकरी घरी राहिले. २०२१ मध्येही मोठी वारी झाली नाही. काहींनी विरोध केला, पण वारकरी समाज मोठ्या प्रमाणावर संयमाने वागला. या माणसांची श्रद्धा काय पातळ झाली होती? शासनाने देवस्थानांशी, दिंडीप्रमुखांशी बोलणी केली, मार्ग काढला. आणि देव देहाच्या येरझारीत अडकलेला नाही, ही शिकवण त्या परंपरेतच मुरलेली होती. लोकांना विश्वासात घेतले आणि त्यांच्याच परंपरेतील शहाणपणाला साद घातली की सश्रद्ध माणूस शास्त्राचे ऐकतो, याचा हा पुरावा आहे.

आता हरिद्वार पाहावे. बारा वर्षांचा कुंभ तेथे ज्योतिषगणिताने अकराव्याच वर्षी, २०२१ मध्ये, घेण्यात आला. ११ एप्रिल रोजी देशातील नव्या रुग्णांचा एका दिवसाचा आकडा दीड लाखावर गेला होता. १२ एप्रिलला सोमवती अमावस्येचे आणि १४ एप्रिलला मेष संक्रांतीचे शाही स्नान लाखोंच्या उपस्थितीत पार पडले. उत्तराखंडचे तेव्हाचे मुख्यमंत्री श्रद्धा विषाणूच्या भयावर मात करील असे सांगत होते. कुंभ आता प्रतीकात्मक ठेवावा असे आवाहन पंतप्रधानांनी केले ते १७ एप्रिलला, मुख्य स्नाने आटोपल्यावर. कुंभातील हजारो बनावट चाचण्यांचे प्रकरणही पुढे उघड झाले. तबलिगच्या मेळाव्याला वर्षभरापूर्वी जे लागू झाले, ते येथे कोणी लागू केले नाही.

धर्म एकच, गंगेवरची आणि चंद्रभागेवरची भक्ती एकाच जातीची. फरक पडला तो सत्तेच्या वर्तनाने. महाराष्ट्रातही हा मोह नव्हता असे नाही. मंदिरे उघडण्यासाठी २०२० च्या उत्तरार्धात आंदोलने झाली. त्यांत भारतीय जनता पक्ष पुढे होता आणि पंढरपुरात वंचित बहुजन आघाडीही होती. १२ ऑक्टोबर २०२० रोजी खुद्द राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, ‘सेक्युलर’ झालात काय, असा टोमणा मारला. राज्यघटनेच्या उद्देशपत्रिकेतील शब्द घटनात्मक पदावरील व्यक्तीने शिवीसारखा वापरावा, हा त्या महासाथीतील एक गंभीर आजार होता. मंदिराच्या बंद दारापुढे बसलेल्या म्हातारीची तळमळ खरी होती. तिच्या तळमळीवर राजकारणाची पोळी भाजणारे हात मात्र तिचे नव्हते.

शास्त्राचा वेश घेतलेली श्रद्धा

अंधश्रद्धा केवळ भगव्या वा हिरव्या कपड्यांत वावरत नाही. ती पांढरा डगलाही घालते. २३ जून २०२० रोजी हरिद्वारच्या पतंजलीने सात दिवसांत शंभर टक्के रुग्ण बरे करणारे औषध म्हणून ‘कोरोनिल’ जाहीर केले. आयुष मंत्रालयाने जाहिरात थांबवायला सांगितली खरी. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याच औषधाच्या नव्या समारंभाला देशाचे आरोग्यमंत्री, स्वतः डॉक्टर असलेले, व्यासपीठावर हजर होते. त्याच सुमारास सरकारी विज्ञानसंस्थांचे वर्तनही विश्वास वाढवणारे नव्हते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २ जुलै २०२० च्या पत्रात स्वदेशी लस १५ ऑगस्टपर्यंत आणण्याचे उद्दिष्ट लिहिले, जणू प्रयोगशाळेतील चाचण्या ध्वजवंदनाच्या वेळापत्रकावर चालतात. जानेवारी २०२१ मध्ये त्या लशीला, तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेचे निष्कर्ष हाती येण्यापूर्वीच परवानगी मिळाली. लस पुढे उपयुक्त ठरली. परंतु परवान्याच्या वेळी लोकांकडून जे मागितले जात होते ते शास्त्रावरचा विश्वास नव्हता, ती सरकारवरची श्रद्धा होती.

महाराष्ट्राने डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या बलिदानानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. गावातला मांत्रिक त्या कायद्याच्या कक्षेत येतो, आणि यायलाच हवा. परंतु आरोग्यमंत्र्यांच्या उपस्थितीत विकले जाणारे खोटे औषध कोणत्या मांत्रिकाचे, हा प्रश्न विवेकवादी चळवळीने तेवढ्याच तीव्रतेने विचारला पाहिजे.

संशय हा हक्क, कारस्थानकथा हा सापळा

येथे एक आक्षेप संभवतो. सारा दोष सत्तेच्या माथी मारून लोकांना निर्दोष ठरवायचे काय? मुळीच नाही. लस नाकारणाऱ्याने आपल्या घरातील वृद्धाचा जीव धोक्यात घातला. आजार लपवणाऱ्याने वस्ती धोक्यात घातली. चुकीला चूक म्हटलेच पाहिजे. शिवाय अडाणीपणाचा ठेका भारताने घेतलेला नाही. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनसारख्या सुशिक्षित देशात दूरध्वनीच्या नव्या लहरींनी करोना पसरतो असे मानून मनोरे जाळले गेले. यावरून एवढेच दिसते की शिक्षणाचे प्रमाणपत्र हे भयावरचे औषध नाही.

आणि डाव्या मंडळींनी स्वतःच्या घरातही डोकावावे. महासाथ हेच औषध कंपन्यांचे कुभांड आहे, लस म्हणजे नफ्यासाठी टोचलेले विष आहे, अशी भाषा काही परिवर्तनवादी वर्तुळांतही ऐकू आली. तिचे आकर्षण उघड आहे: ती भांडवलशाहीच्या टीकेसारखी दिसते. परंतु ते त्या टीकेचे खोटे नाणे आहे. खऱ्या टीकेला पुरावा असतो. एप्रिल २०२१ मध्ये एकाच लशीची किंमत केंद्राला १५० रुपये, राज्यांना ४०० रुपये आणि खासगी इस्पितळांना ६०० रुपये अशी जाहीर झाली; हे कोणी गुपचूप केले नाही, उघड पत्रकाने केले. लशींवरील स्वामित्वहक्क महासाथीपुरते स्थगित करावेत, असा प्रस्ताव भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेपुढे मांडला आणि श्रीमंत देशांनी तो रखडवला. हेही उघड्यावर झाले. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले आणि ते पाळले गेले नाही. हेही अंदाजपत्रकात कोणालाही वाचता येते.

भांडवलशाहीला काळोखात कट करण्याची फारशी गरज पडत नाही. तिची बहुतेक कामे राजपत्रात छापून होतात. कारस्थानकथा माणसाची नजर या छापील पानावरून उचलते आणि अदृश्य खलपुरुषावर खिळवते. अंदाजपत्रकाविरुद्ध मोर्चा काढता येतो, मतदान करता येते, न्यायालयात जाता येते. अदृश्य चकतीविरुद्ध काय करणार? म्हणून कारस्थानकथा वरवर बंडखोर भासली तरी माणसाला निःशस्त्र करते; आणि दैवी शिक्षेची कल्पनाही नेमके तेच करते. संशय घेणे हा नागरिकाचा हक्क आहे. त्याची कसोटी एकच: पुरावा समोर आल्यावर तो संशय मागे घ्यायची तयारी आहे काय? जो संशय प्रत्येक उत्तरालाही कारस्थानाचाच भाग मानतो, तो पोथीनिष्ठ श्रद्धेचाच जुळा भाऊ आहे.

कार्यकर्त्याचे काम

मग करायचे काय? याचेही उत्तर पुण्याच्या प्लेगमध्येच सापडते. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि डॉक्टर असलेले त्यांचे पुत्र यशवंत यांनी पुण्याजवळ प्लेगग्रस्तांसाठी दवाखाना चालवला. रुग्णांची सेवा करताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई निवर्तल्या. इस्पितळाच्या नावाने थरथरणारी गरीब माणसे त्यांच्याकडे आपली मुले सोपवत होती. का? त्यांनी अर्धशतक त्या वस्त्यांतील माणसांना शिकवले होते, त्यांच्यासाठी शिव्याशाप सोसले होते. साथ आली त्या दिवशी विश्वास निर्माण करता येत नाही. तो आधी साठवून ठेवावा लागतो.

धारावीनेही २०२० मध्ये हेच दाखवले. १ एप्रिलला तेथे पहिला रुग्ण सापडला तेव्हा त्या दाट वस्तीचे स्मशान होणार, अशी भाकिते झाली. महापालिकेने वस्तीत दवाखाने चालवणाऱ्या खासगी डॉक्टरांना बरोबर घेतले, माणसे घरोघर गेली, शाळा आणि सभागृहांत विलगीकरण झाले, आणि साथ आटोक्यात आली. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी त्याचा आवर्जून उल्लेख केला. दारात आलेला डॉक्टर ओळखीचा होता, ही त्यातील मोठी गोष्ट होती. गावोगाव हे काम आशा सेविकांनी केले. आणि त्यांना त्याचे काय मिळाले? जून २०२१ मध्ये राज्यातील सुमारे सत्तर हजार आशांना मानधनवाढीसाठी संपावर जावे लागले. जिच्या शब्दावर गाव लस घेते, तिला राज्य कामगारसुद्धा मानत नाही, ‘स्वयंसेविका’ म्हणते. अफवेविरुद्धची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक संस्था या देशात कोणती असेल तर ती आशा सेविका आहे, आणि तिचीच मजुरी बुडवली जाते.

म्हणून समाजवादी कार्यकर्त्यापुढचा कार्यक्रम स्पष्ट आहे. मृत्यूंची खरी मोजणी व्हावी आणि ती वेळेवर जाहीर व्हावी, ही मागणी ग्रामसभेपासून संसदेपर्यंत लावून धरली पाहिजे. कारण मेलेल्यांची गणती नाकारणारे राज्य जिवंतांकडून विश्वास मागू शकत नाही. अडीच टक्क्यांचे मोडलेले वचन सरकारला रोज ऐकवले पाहिजे. आशा सेविकेला कामगाराचा दर्जा आणि वेतन मिळालेच पाहिजे. साथीच्या काळात कोणत्याही धर्मसमूहाला रोगाचे कारण ठरवणाऱ्या वाहिनीला आणि नेत्याला शिक्षा झाली पाहिजे, मग तो मेळावा मरकजचा असो की अमावस्येच्या स्नानाचा.

याखेरीज एक पथ्य स्वतःसाठी पाळले पाहिजे. सश्रद्ध माणसाला हसू नये आणि त्याच्या श्रद्धेची खुशामतही करू नये. हसणारा त्याला बुवाच्या मठाकडे ढकलतो, खुशामत करणारा त्याला तेथेच बसवून ठेवतो. साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, ते विठ्ठलाच्या भक्तांना हिणवून नाही. त्यांच्या भक्तीलाच आवाहन करून. तरीही बडव्यांपुढे ते एक पाऊल मागे सरले नाहीत.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल एवढे निश्चित. त्या दिवशीही लोक घाबरतील, कारण शोधतील, आणि ते कारण त्यांच्या दारात घेऊन कोणीतरी उभा असेलच. तो बुवा असेल, वाहिनी असेल, की वर्षानुवर्षे त्या वस्तीच्या नळाच्या, रेशनच्या आणि दवाखान्याच्या भांडणात उभा राहिलेला कार्यकर्ता, हे त्या दिवशी ठरणार नाही. ते आजच्या कामावर ठरते आहे.